एकतीस फेऱ्या

पहिल्याच भेटीत ज्या माणसाने मला "शूऽऽ" केलं, त्याच्यासाठी पुढे मी रडेन, भांडेन आणि आरशासमोर दोनदा भांग पाडेन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

खरं तर ते काम माझं नव्हतंच. ऑफिसातला आमचा सहकारी तापाने पडला आणि मॅडमनी कामाचा कागद माझ्या हातात ठेवला. वाचनालय, पहिला मजला, वायफाय बसवणे. "जमेल ना?" असं त्यांनी विचारलं. त्या 'ना'मध्ये बरंच काही होतं. त्याआधी एका दातांच्या दवाखान्यात भिंतीला भोक पाडताना मी थेट पाण्याचा पाइप फोडला होता, आणि दातांच्या खुर्चीत बसलेले एक काका तोंड उघडं ठेवूनच भिजले होते. त्याची रीतसर लेखी तक्रार आली. मॅडम आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागतं. "सहा महिन्यांची मुदत आहे तुझी," त्या म्हणाल्या होत्या, "त्यात आणखी एक तक्रार आली, तर कायम होण्याचं विसरून जा."

मुदत संपायला महिना उरला होता. आणि मला ही नोकरी हवी होती... अगदी मनापासून. घरी सगळ्यांचा विरोध पत्करून धरली होती ती. मोठ्या काकांनी त्यांच्या ऑफिसात माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती, पंख्याखालची. "शिडीचा नाद सुटला की ये," असं ते दर भेटीत म्हणायचे. मला त्या खुर्चीवर मान खाली घालून जाऊन बसायचं नव्हतं.

तर मी गेले. एका खांद्यावर बॅग, दुसऱ्यावर शिडी. मी उंचीने बेताची, आणि शिडी माझ्याहून लांब. ऑफिसात मला 'शिडी' म्हणूनच हाक मारतात. दारातून आत शिरताना तिचं टोक चौकटीवर धाडकन आपटलं, आणि आतून आवाज आला, "शूऽऽ..."

मी दचकून इकडेतिकडे पाहिलं. दालनात चिटपाखरू नव्हतं. वाचनालय रंगकामासाठी दहा दिवस बंद होतं. भिंतींना नव्या रंगाचा वास येत होता, खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या, लोखंडी रॅक रिकामे उभे होते. पुस्तकं सगळी खाली तळमजल्यावर गठ्ठे बांधून ठेवलेली. आणि समोर एकटा एक माणूस उभा, हातात फडकं, कानाच्या पाळीला रंगाचा ठिपका.

"कुणाला त्रास होतोय?" मी विचारलं.

त्यानेही एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग तो कानापर्यंत लाल झाला. "सवय आहे," तो म्हणाला. "मी... इथला ग्रंथपाल."

"ते कळलंच," मी म्हटलं.

आता माझं कसं आहे, शिडीवर चढलं की माझं तोंड सुरू होतं. भीती वाटते म्हणून बोलते असं आई म्हणते, पण तिचं काही खरं मानू नका. त्या दिवशी मी शिडीच्या माथ्यावर अ‍ॅक्सेस पॉइंट ठेवला. वायफाय फेकणारं ते पांढरं, ताटलीएवढं यंत्र. ते कायमचं बसवायच्या आधी कुठल्या कोपऱ्यात किती सिग्नल पोचतो ते मोजावं लागतं. म्हणून ग्रंथपालांच्या हातात माझा फोन दिला आणि म्हटलं, "जरा प्रत्येक कोपऱ्यात जाऊन उभे राहा. जो आकडा दिसेल तो ओरडून सांगा."

"ओरडून?" त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला पुस्तकाचं पान फाडायला सांगितलं असावं.

त्याला ओरडता येईना. पहिल्या कोपऱ्यातून तो कुजबुजला, ते मला ऐकूच आलं नाही. दुसऱ्या कोपऱ्यातून त्याने बोटं दाखवली, ती माझ्या ध्यानात आली नाहीत. मग तो दर कोपऱ्यातून चालत माझ्यापर्यंत यायचा, आकडा सांगायचा आणि परत जायचा.

"हे सगळे आकडे उणे का?" त्याने विचारलं. "उणे छप्पन्न, उणे एकसष्ट..."

"वायफायचा स्वभावच तसा. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे पन्नास म्हणजे झकास. उणे सत्तर म्हणजे चालून जाईल. उणे पंच्याऐंशीला देवाचं नाव घ्यायचं."

"माझे गणिताचे गुण असेच असायचे," तो गंभीरपणे म्हणाला. तो विनोद होता हे मला तीन पायऱ्या उतरल्यावर कळलं, आणि मग मी एकटीच हसत बसले.

रॅकच्या रांगांपलीकडे, अगदी शेवटी, एक छोटी खोली होती. दारावर पाटी, 'ऐकण्याची खोली'. आत दोन खुर्च्या, एक टेबल, हेडफोन आणि वाचनालयाचा एक टॅब. ज्यांची नजर अधू झालीय असे आठ-दहा सभासद तिथे बसून पुस्तकं ऐकतात, असं त्याने सांगितलं. "एक मास्तर आहेत. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, आता अजिबात दिसत नाही. रोज येतात. आमच्याकडच्या ध्वनिमुद्रित कादंबऱ्या त्यांच्या दोनदा ऐकून झाल्यात. नेट आलं की त्यांना हजारो पुस्तकं मिळतील." मग जरा थांबून म्हणाला, "बाकीच्यांकडे आपापलं नेट असतंच हो. हे सगळं ह्या खोलीसाठी चाललंय."

त्या खोलीत आकडा आला उणे एकोणसाठ.

"दोन यंत्रं बसवायला नकोत का?" त्याने विचारलं.

"कशाला? एकात मजेत भागतंय," मी म्हटलं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मला ते पुढे बरेच दिवस झोपेतून उठवणार होतं.

यंत्र छताला पक्कं केलं तेव्हा त्याने शिडी धरली होती. इतकी घट्ट, की बोटं पांढरी पडलेली. मी वरून त्याला दवाखान्यातल्या पाइपची गोष्ट सांगितली, सगळी, तक्रारीसकट, मोठ्या काकांच्या खुर्चीसकट, उरलेल्या एका महिन्यासकट. दातांच्या खुर्चीतले काका भिजले तिथे तो खळखळून हसला, आणि स्वतःच्याच आवाजाने घाबरून स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. काही माणसं हसताना फार चांगली दिसतात. हे मी नुसतं एक निरीक्षण म्हणून सांगतेय.

मग आम्ही टेबलाशी शेजारी-शेजारी बसलो आणि मी लॅपटॉप उघडला. आधी यंत्राचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. "हा कुणालाही द्यायचा नाही," मी बजावलं. मग आसपासची नेटवर्कं पाहिली. खालचं दुकान आणि समोरची शिकवणी दोघंही एकाच चॅनेलवर गर्दी करून होती. "सगळे एकाच वेळी बोलायला लागले की कुणाचंच नीट ऐकू येत नाही. म्हणून आपण तिसरं चॅनेल घ्यायचं."

"हेच मी लोकांना रोज सांगतो," तो म्हणाला.

"आता नाव. लोक फोनमध्ये वायफाय शोधतील तेव्हा जे दिसेल ते."

त्याने बराच विचार केला. पेनाचं टोपण तीन वेळा काढलं, लावलं. "मराठीत चालेल?"

"चालेल की."

"मग... 'शांतता राखा'."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो लॅपटॉपकडे पाहत होता, पण ओठांचा कोपरा हलत होता. मी टाइप केलं. पासवर्ड निदान बारा अक्षरांचा हवा म्हटल्यावर त्याने पंचवीस अक्षरांचा सुचवला. त्यावर आमचा जरा वाद झाला आणि शेवटी आम्ही सोळावर तडजोड केली. एवढं करेपर्यंत चहा दोनदा झाला होता. ज्या कामाला दोन तास लागतात त्याला मी पाच लावले. यंत्रात काही बिघाड नव्हता.

पुढचे दिवस बरे गेले. बसवलेली सगळी यंत्रं आम्हाला ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसतात. चालू आहे की बंद, किती जण जोडलेत, कुणाला किती सिग्नल मिळतोय. वाचनालयाचं पान मी रोज उघडायचे. कामापुरतंच. सकाळी एकदा, जेवायच्या आधी एकदा, आणि निघताना एकदा. सगळं हिरवंगार असायचं.

शिवाय त्याचे निरोप यायचे. हा माणूस फोनवरही पूर्ण वाक्यं लिहितो, पूर्णविरामासकट. 'आज सर्व पुस्तके जागेवर आली. दालन पुन्हा दालनासारखे दिसते आहे.' 'आज अकरा सभासद जोडले गेले. एकाने विचारले, शांतता राखा हे नाव आहे की सूचना. मी सांगितले, दोन्ही.' एकदा मी लिहिलं, 'मला अहो-जाहो केलं नाही तरी चालेल.' त्यावर उत्तर आलं, 'प्रयत्न करतो आहे.' 

"कोण गं एवढं?" आईने विचारलं.

"ग्राहक आहे."

"ग्राहकाचा निरोप वाचून पोळी करपवतात होय?"

पंधरा दिवसांनी ऑफिसातून ग्राहकाला एक पाहणीचा फॉर्म जातो. सगळं ठीक आहे का, काही तक्रार आहे का. त्याने भरून पाठवला, 'काही अडचण नाही. काम उत्तम.' मॅडमनी तो वाचून माझ्याकडे पाहिलं आणि चक्क हसल्या. मी मनातल्या मनात मोठ्या काकांच्या त्या खुर्चीला रामराम करून टाकला.

मग एका दुपारी, सहज बसल्या-बसल्या, मी वाचनालयाच्या पानावरची सविस्तर नोंद उघडली. तिथे ऐकण्याच्या खोलीतला तो टॅब दिसला. जोडला गेला. तुटला. सात मिनिटांनी जोडला गेला, तुटला. पुन्हा. आदल्या दिवसाचं पाहिलं, तेच. त्याच्या आदल्या दिवशीही तेच. दिवसभरात मोजून एकतीस वेळा. आणि जोडलेला असताना सिग्नल उणे छत्तीस. मी कपाळाला आठ्या घालून बसले. त्या खोलीत उणे एकोणसाठ यायला हवा. उणे छत्तीस फक्त यंत्राच्या थेट खाली उभं राहिलं तर येतो.

टॅब बिघडला असेल, म्हटलं. फोन करावा असं मनात आलं होतं, पण नाही केला. जायला निमित्त मिळत होतं ते कशाला घालवा? आरशासमोर भांग पाडला तो ह्या दिवशी.

दालनात शिरले आणि क्षणभर ओळखलंच नाही. सगळे रॅक जमिनीपासून माथ्यापर्यंत पुस्तकांनी ठासून भरलेले. दोन रॅकच्या फटीतून पूर्वी पलीकडची भिंत दिसायची, आता बोट जायला जागा नव्हती. जुन्या कागदाचा तो गोडसर वास, खुर्च्या-खुर्च्यांवर माणसं, पंख्याची घरघर. मी दाराशीच थांबले, कारण तेवढ्यात तो दिसला.

रॅकच्या रांगांमधून तो आला, पावलांचा आवाज न करता. हातात टॅब. छतावरच्या यंत्राच्या बरोबर खाली उभा राहिला आणि टॅब डोक्याच्या वर धरला. दोन्ही हातांनी. असा मिनिटभर. मग स्क्रीन पाहिली, पुन्हा वर धरला. एक बाई वाचता-वाचता जरा खुर्ची सरकवून त्याला जागा करून देत होत्या, म्हणजे त्यांनाही हे रोजचं झालं होतं. पुस्तकाचा पुढचा भाग टॅबवर उतरून झाला असावा, कारण तो वळला आणि टॅब सांभाळत रॅकमधून परत आत गेला.

मी त्याच्यामागे गेले नाही. शेजारच्या रांगेतून, हातात फोन धरून, आकडा पाहत गेले. पहिला रॅक ओलांडला, उणे पंचावन्न. तिसरा, उणे अडुसष्ट. शेवटचा... उणे चौऱ्याऐंशी.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी तिथेच रॅकला टेकले. वीस हजार पुस्तकं. मी रिकाम्या वाचनालयात सिग्नल मोजला होता. पुस्तकं तळमजल्यावर आहेत हे माझ्या डोळ्यांनी पाहून, ती परत इथेच येणार हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. सात रांगा कागद आणि लोखंड, त्यातून वायफाय कुठून जाणार? पहिल्या वर्षाच्या पोराला कळेल अशी चूक होती. आणि ती मी शेखी मिरवत केली होती.

ऐकण्याच्या खोलीचं दार उघडं होतं. तो कुणीतरी हाक मारली म्हणून पुढे गेला असावा. आत एक म्हातारे गृहस्थ, पांढरा सदरा, टॅबवर हळूहळू बोट फिरवत होते. पुढचं पुस्तक शोधत होते, आणि ते मिळत नव्हतं. माझी चाहूल लागली.

"आलास का रे?" ते म्हणाले. "हे बघ, पुन्हा बंद. तुझ्या हातात चालतं आणि माझ्या हातात आलं की बंद पडतं. माझंच बोट चुकतंय कुठेतरी. वय झालं आता. किती हेलपाटे घालशील माझ्यापायी? उद्यापासून नाही येत मी."

"मास्तर," मी म्हटलं, "तुमचं बोट नाही चुकत. माझं चुकलंय."

"कोण बोलतंय?" त्यांनी मान वळवली. आणि माझ्यामागे दारात तो येऊन उभा होता.

आयुष्यात मी पुष्कळ भांडले आहे, पण कुजबुजत पहिल्यांदाच भांडले. सहाव्या आणि सातव्या रॅकच्या मध्ये.

"केव्हापासून?"

"पुस्तकं लागली त्या दिवसापासून."

"आणि मला निरोप काय, तर आज अकरा सभासद जोडले गेले."

"ते खरं होतं. पुढच्या दालनात चालतंच की."

"तुम्ही फॉर्मवर खोटं लिहिलंत."

त्याने रॅकमधलं एक पुस्तक सरळ केलं. मग म्हणाला, "फोन उचलला होता मी. तुमच्या ऑफिसचा नंबर लावला. वाजायला लागला, आणि मला तो पाइप आठवला. आणि तो महिना. ठेवून दिला फोन. म्हटलं, महिन्याचा तर प्रश्न आहे, चालू आपण. पायांना व्यायाम होतो."

"मग मला सांगायचं होतं. ऑफिसला नाही, मला."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही स्वतः जाऊन मॅडमना सांगितलं असतं."

"अर्थातच सांगितलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

एका दिवसाच्या ओळखीत हा माणूस मला असा पुरता ओळखून बसला होता, आणि त्याचा मला राग येत होता, आणि राग येत असताना त्याच्या बाहीची सुटलेली गुंडी लावून द्यावी असंही वाटत होतं.

"रोज एकतीस फेऱ्या," मी म्हटलं.

"तुम्ही मोजल्यात?" त्याचे कान लाल झाले.

"मला स्क्रीनवर दिसल्या. आणि त्या मास्तरांना वाटतंय त्यांचं बोट चुकतंय. ते यायचं बंद करतायत. माझी नोकरी वाचवायला तुम्ही त्यांचं पुस्तक तोडलंत, हे कळतंय का तुम्हाला?"

त्याचा चेहरा उतरला. हे त्याच्या ध्यानात आलंच नव्हतं. मास्तर त्याच्याजवळ असं कधी बोललेच नसतील. "नाही," तो हळूच म्हणाला, "हे मला कळलं नव्हतं. चुकलं माझं."

"मला कुणाची दया नकोय," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते.

"दया नव्हती ती."

"मग काय होतं?"

त्याने तोंड उघडलं... आणि रॅकच्या पलीकडून कुणीतरी करड्या आवाजात म्हणालं, "शूऽऽ..."

ग्रंथपालाला वाचकाने गप्प केलं होतं. मी डोळे पुसत तिथून निघाले.

रात्रभर मी हिशेब मांडत नव्हते, खरं सांगते. मॅडमना सांगायचं हे ठरलेलंच होतं. सकाळी ऑफिस उघडताच मी मॅडमच्या दाराशी उभी होते.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग तो फॉर्म काढून टेबलावर ठेवला. "ग्राहक लेखी देतोय की अडचण नाही. तू गप्प बसली असतीस तर येत्या सोमवारी तुझ्या हातात कायम झाल्याचं पत्र पडलं असतं. ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"एक मास्तर आहेत," मी म्हटलं, आणि पुढचं जरा अडखळत सांगितलं.

मॅडमनी फॉर्म परत फाइलमध्ये ठेवला. "पाइप फोडलास तेव्हा मला दवाखान्याच्या पत्रातून कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तू चार दिवस गप्प होतीस. तक्रार पाइपसाठी नव्हती माझी, त्या चार दिवसांसाठी होती. आज तू आधी आलीस." मग त्यांनी चष्मा काढला. "पण रिकामं वाचनालय मोजणं ही लहान चूक नाही. सोमवारी कायम करत नाही तुला. मुदत तीन महिने वाढवते. आणि आजच दुसरं यंत्र घेऊन जा."

मी जिन्यात बसून रडले. थोडं कायम न झाल्याचं वाईट वाटून, आणि बरंचसं नोकरी राहिल्याच्या आनंदाने. मग तोंड धुतलं, शिडी उचलली.

वाचनालयाला त्या दिवशी आठवड्याची सुट्टी होती, पण वाढलेल्या मुदतीसकट सगळं फोनवर सांगितल्यावर त्याने येऊन दार उघडलं. आम्ही फारसं बोललो नाही. सगळ्या रॅकच्या माथ्यावरून, भिंतीच्या कडेने, मी वायर ओढत नेली. तो खाली शिडी धरून सरकत होता. ऐकण्याच्या खोलीच्या छताला दुसरं यंत्र बसवलं. नाव तेच, पासवर्ड तोच, म्हणजे माणूस आत-बाहेर गेला तरी फोन आपोआप जवळचं यंत्र धरतो. चॅनेल मात्र वेगळं, आणि दोन्हींचा जोर थोडा कमी, नाहीतर दोघं एकमेकांवरच कुरघोडी करतात. ह्या खेपेला मी शिडीवर एक शब्दही बोलले नाही.

"बरं वाटत नाहीये का?" त्याने खालून विचारलं.

"काम करतेय."

मग मोजणी. ह्या वेळी मी त्याला पाठवलं नाही. स्वतः प्रत्येक खुर्चीत बसले, बेचाळीस खुर्च्या, हातात फोन धरून. शेवटी ऐकण्याच्या खोलीत आले. मास्तरांना त्याने मुद्दाम बोलावून आणलं होतं. मी टॅब त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट ठेवलं, बिचकत. पुस्तक सुरू झालं. दोन वाक्यं ऐकून त्यांनी दुसरं लावलं, तेही सुरू झालं. मग तिसरं, नुसतं लागतंय का बघायला. त्यांनी हेडफोन कानावर नीट बसवला आणि आम्हाला हातानेच जा म्हणून सांगितलं. पोरांना वर्गाबाहेर काढतात तसं.

बाहेर टेबलाशी मी नवा फॉर्म पुढे केला. "नीट वाचून लिहा. खोटं नको."

त्याने प्रत्येक रकाना वाचला. लिहिलं. पेन तक्रारीच्या रकान्यापाशी थांबलं.

"तक्रार आहे एक," तो म्हणाला.

"मग लिहा," मी म्हटलं.

"लिहिली तर तुमच्या मॅडम तीन महिन्यांचे सहा करतील. तोंडी सांगू?"

"सांगा."

तो वर न बघता बोलला. "आता सगळं नीट चालतंय. म्हणजे... तुम्हाला इथे यायला काही कारणच उरलं नाही."

पंखा फिरत होता. त्या एवढ्या मोठ्या दालनात आम्ही दोघंच होतो, आणि तरीही दोघं कुजबुजत होतो.

"त्या दिवशी एक वाक्य अर्धं राहिलं होतं," मी म्हटलं. "दया नव्हती. मग काय होतं?"

आता त्याने वर पाहिलं. "प्रेम होतं," तो म्हणाला. "दर फेरीला वाटायचं, हिला कळू नये. आणि यंत्राखाली हात वर करून उभा राहिलो की वाटायचं... हिला कळावं."

मी फॉर्मची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बोलायला हवं होतं. मला हा माणूस आवडला होता, पहिल्या 'शू'पासून आवडला होता, आणि त्याच्या एकतीस फेऱ्यांनी मला राग आणून पुरतं बांधून टाकलं होतं. पण एक गोष्ट आधी सांगायलाच हवी होती.

"लगेच कायम करता येणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आमच्याकडे आधी मुदत असते. तीन महिने."

त्याच्या ओठांचा तो कोपरा हलला. "आणि अटी?"

"एकच. काही बिघडलं, काही खुपलं, तर आधी मला सांगायचं. मला वाचवायला म्हणून लपवायचं नाही. माझ्या भल्यासाठी म्हणूनसुद्धा नाही."

तो गंभीर झाला. खरोखरचा. "नाही लपवणार," तो म्हणाला. "कबूल."

"मग आजपासून रुजू हो."

'व्हा' न म्हणता 'हो' म्हटलं, हे माझ्या तोंडून गेल्यावर मला कळलं. त्यालाही कळलं. त्याने हात पुढे केला, आणि मी तो धरला. रंगकाम, वायरी, धूळ ह्या सगळ्यातून आम्ही एकमेकांच्या हाताला पहिल्यांदाच शिवत होतो. त्याचा हात गार होता. माझाही.

आतून मास्तरांचा आवाज आला, "दार लावून घ्या रे. हेडफोनमधूनसुद्धा सगळं ऐकू येतंय मला."

त्याची मुदत संपायला अजून दोन महिने नि अकरा दिवस बाकी आहेत. फार प्रामाणिकपणे वागतोय. परवा भाजीत मीठ जास्त झालं तर तेही ताबडतोब सांगितलं, आईच्या देखत. मी त्याला केव्हाच कायम करून टाकलंय, पण ते मुदत संपल्यावर सांगेन. लपवायचं नाही ही अट त्याला आहे, मला नाही.